मीठ हातात देत नाहीत

बाईंनी पेला माझ्या हातात दिला नाही. खाली ठेवला.

शाळेच्या व्हरांड्यातली शहाबादी फरशी. तिच्यावर पितळी पेला, पेल्यात गरम दूध. माझा हात पुढे झाला होता तो तसाच राहिला. रांगेत माझ्या पुढच्या मुलाला पेला हातात मिळाला होता. त्याच्या पुढच्यालाही. मला आधी वाटलं, बाईंच्या हातून निसटला. पण निसटलेला पेला असा नीट उभा राहत नाही, आणि दूधही सांडल्याशिवाय राहत नाही.

"घे की," बाई म्हणाल्या. "उचल. तुझाच आहे."

आवाज गोड होता. हे मुद्दाम सांगतो. राग नाही, तुसडेपणा नाही. मांजराला बोलवावं इतकं गोड.

मी वाकलो. पेला उचलला. प्यायलो. भूक लागली होती आणि दुसरं काही सुचलं नाही. माझ्यामागे गणपत होता. त्याचाही पेला खाली आला. तो मात्र माझ्यासारखा गोंधळला नाही. खाली उकिडवा बसला, पेला दोन्ही हातांनी उचलला आणि मान खाली घालून प्यायला. त्याला हे नवं नव्हतं. त्याच्यामागच्या मुलाला पुन्हा हातात.

ही गोष्ट मी आजवर कुणाला नीट सांगू शकलो नाही. सांगायला बसलं की ऐकणारा मधेच विचारतो, "म्हणजे तुम्ही नक्की कोण?" उत्तर दिलं की त्याचं समाधान होतं आणि माझं सांगणं तिथेच मरतं. म्हणून आधीच बोलून ठेवतो. आमची जात मी इथे लिहिणार नाही. मिठागरावरची माणसं आम्ही, एवढं पुरे. उन्हात खाडीचं पाणी आटवायचं, मीठ ओढायचं, टोपलीनं डोक्यावरून वाहून रास घालायची. गणपतचे आईबापही तेच करायचे. आमची वाडी आणि त्याची वस्ती एकाच बांधाच्या दोन टोकांना. मधे दोन विहिरी. एक आमची, एक त्यांची. समजायचं ते समजा.

महाराष्ट्र नुकताच वेगळा झाला होता. पनवेलच्या आमच्या हायस्कूलात त्या उन्हाळ्यात मुंबईहून एक मंडळ आलं. त्यांनी 'आरोग्यवर्ग' काढला. मे महिन्याच्या सुट्टीत सकाळी व्यायाम, मग सकस आहार, मग आहारावर भाषण. हायस्कूलातली निवडक हडकुळी पोरं घ्यायची आणि पावसाळ्याच्या तोंडाला धष्टपुष्ट करून परत द्यायची, असा बेत. निवडायला त्रास पडला नाही. आमच्या बाजूचं कुठलंही पोर उभं केलं तरी बरगड्या मोजून घ्याव्यात.

बा नाही म्हणत होता. मे महिना म्हणजे मिठाचा हंगाम. पाऊस आला की सगळं विरघळणार, त्याच्या आत रास झाकली पाहिजे. त्या दिवसांत घरातलं मांजरसुद्धा कामाला लावावं अशी वेळ. "व्यायाम कसला करतंय?" बा म्हणाला. "टोपली उचल, झाला व्यायाम."

आईने त्याचं ऐकलं नाही. कारण मंडळाने आणखी एक गोष्ट जाहीर केली होती. वर्गात जो मुलगा सगळ्यांत पुढे येईल त्याला मुंबईच्या त्यांच्या बोर्डिंगात जागा. राहणं, जेवणं, मॅट्रिकपर्यंत शिक्षण. आई त्या दिवशी संध्याकाळी बांधावर बसली होती. तिने स्वतःची टाच हाताने उघडून मला दाखवली. भेगेत मीठ शिरून ती आतून पांढरी पडली होती. "ही बघ," म्हणाली. "तुजी अशी नको."

मग मी गेलो. गणपतही आला. तो माझ्याच इयत्तेत होता. पहाटे बांधावरून निघायचं, खाजणाची खारी दलदल ओलांडून रस्त्याला लागायचं आणि उन्हं तापायच्या आत तळ्याकाठी शाळेत पोचायचं.

पहिले दिवस चांगले गेले. खोटं कशाला बोलू? दंड, बैठका, सूर्यनमस्कार, लेझीम. तळ्याभोवती पळणं. पळण्यात माझ्या जवळपास कुणी येत नव्हतं. अरुंद बांधावरून डोक्यावर मीठ घेऊन ज्याने धाव घेतली आहे, त्याला मोकळ्या हातांनी सडकेवर पळणं म्हणजे पोरखेळ. आमचे ड्रिलचे मास्तर शिट्टी तोंडात धरूनच हसायचे. मुंबईच्या बाई वर्गाच्या प्रमुख होत्या. पांढरं पातळ, मनगटावर घड्याळ. त्या टाळ्या वाजवायच्या आणि म्हणायच्या, "शाब्बास! बोर्डिंगची जागा हाच घेणार असं दिसतंय."

मग आहार. मोडाचे मूग, शेंगदाणे, गूळ, एक केळं. आणि दूध. दूध म्हणजे परदेशातून आलेली भुकटी. गरम पाण्यात घोटायची. वास असा यायचा की दोन-चार पोरं पहिल्याच दिवशी तळ्याकाठी जाऊन ओकली. पण आम्ही प्यायलो. नंतर बाईंचं भाषण. फळ्यावर चित्रं असायची. तूप, लोणी, फळं, पालेभाज्या. सुकी मासळी खाऊ नये, असं त्या सांगायच्या. कुजका आहार म्हणायच्या. आम्ही मान डोलवायचो, आणि घरी जाऊन करंजा बंदरावरून आलेले बोंबील भाजून तांदळाच्या भाकरीशी खायचो. तूप काय झाडाला लागतं?

पहिल्याच दिवशी परत येताना गणपत स्वतःचे तळवे बघत चालला होता. मग खाजणात आल्यावर म्हणाला, "हातात दिलंन रं पेला."

"मंग? हातात नाय तर कुठं देतील?"

त्याने माझ्याकडे बघितलं. लहानपणापासून मी दोन विहिरी बघत होतो, पण त्याचं ते एक वाक्य मला कळलं नाही. मुंबईहून आलेल्या माणसांना त्याचं घर कुठलं ते ठाऊक नव्हतं. वर्गात सगळ्यांना खाकी चड्डी आणि पांढरी बनियन दिली होती. बनियनवर कुठली विहीर ते लिहिलेलं नसतं. म्हणून त्याला पेला हातात मिळत होता. ते दिवस तो मोजून पीत होता, हे मला नंतर समजलं.

अशात आईच्या मनात आलं, पोराला एवढं खायला-प्यायला घालतात, काहीतरी दिलं पाहिजे. आमच्याकडे देण्यासारखं काय? मीठ. पण तेही कुठलंही नाही. रास घालताना वरचं पांढरंशुभ्र, बारीक, ज्यात मातीचा कण नाही असं मीठ आई वेगळं काढायची. ते विकायचं नसतं. ते मानाचं. लेकीच्या सासरी जातं, सुइणीला जातं, ज्याचे उपकार झाले त्याच्या घरी जातं. ते तिने धुतलेल्या फडक्यात बांधलं आणि एका सकाळी माझ्याबरोबर शाळेत आली.

बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. आई पायरीच्या खाली थांबली. तिचे पाय खाजणातल्या चिखलाने भरले होते आणि वर फरशी स्वच्छ पुसलेली. बाईंनी हात पुढे केला. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. त्यांनी हात पुढे केला होता. आईने गाठोडं त्या हातात दिलं नाही. पायरीवर ठेवलं, पदर सावरला आणि दोन पावलं मागे सरली.

मीठ हातात देत नाहीत. दिलं तर भांडण होतं, नातं तुटतं. मीठ खाली ठेवायचं, आपला हात मागे घ्यायचा, घेणाऱ्याने आपण होऊन उचलायचं. आमच्यात हे दूधपित्या पोरालाही माहीत असतं. आईने तर मान राखला होता. तुमचं-आमचं कधी तुटू नये, असंच ती न बोलता सांगत होती.

बाईंचा हात हवेत राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला. आईकडे बघितलं, तिच्या पायांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. काहीतरी त्यांना उमगलं. म्हणजे उमगलं असं वाटलं. मान हलवून म्हणाल्या, "बरं, बरं. ठेव तिथे. समजूतदार आहेस हो."

आई खूश झाली. जाता जाता मला म्हणाली, "बाय मायाळू हाय."

बाईंनी आचाऱ्याला हाक मारली. त्याने गाठोडं उचलून आत नेलं. मग बाई मला म्हणाल्या, "तुमच्या बाजूची आणखी कोण कोण मुलं येतात रे?"

मी गणपतचं नाव सांगितलं. का विचारतात ते मला काय माहीत?

दुसऱ्या दिवशी दोन पेले खाली.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी मी कदाचित विसरलो असतो. पण ते रोज झालं. रांग तीच, पेले तेच, फक्त आमच्या दोघांच्या पेल्यांना खाली दोऱ्याची खूण बांधलेली. पिऊन झाल्यावर आम्हीच धुवायचे आणि खिडकीत वेगळे पालथे घालायचे. बाकीची पोरं आधी बघत राहिली, मग त्यांनी बघायचं सोडलं. लेझमीच्या वेळी माझ्या शेजारचा मुलगा अर्धा हात सरकून उभा राहू लागला. काल-परवापर्यंत तो माझ्या खांद्यावर हात टाकून तळ्यावर येत होता.

बाई एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघ, आम्ही जातपात मुळीच मानत नाही हं. पण आचारी जुन्या वळणाचा आहे. तो काम सोडून गेला तर एवढ्या मुलांचे हाल. तू शहाणा आहेस."

शहाणा होतो, म्हणून गप्प बसलो. आई समजूतदार, मी शहाणा. आम्हाला मिळणाऱ्या सगळ्या पदव्या गप्प बसण्याबद्दलच्या.

एका सकाळी पाणी आणायला म्हणून मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. बाई मुगाची चव बघत होत्या. आळणी लागले असावेत. "मीठ दे," म्हणाल्या. आचाऱ्याने मिठाची वाटी उचलली आणि बाईंच्या हातात दिली नाही. पाटावर ठेवली. बाईंनी पाटावरून उचलली.

मी दारात उभा राहून बघत होतो. त्यांनाही रीत माहीत होती! त्यांच्या घरातही मीठ हातात देत नव्हते. आणि वाटीतलं मीठ आईचं होतं. तो पांढरा दाणा मी कुठेही ओळखेन. म्हणजे आचाऱ्याने खाली ठेवलं तर ती रीत, आणि माझ्या आईने खाली ठेवलं तर ती जात. आमच्याकडेही काही रीतभात असेल, हे त्या बाईंच्या डोक्यातच आलं नाही. आम्हाला त्यांच्या हिशेबी फक्त जात असते.

त्या दिवशी वर्गातल्या सगळ्या पोरांनी ते मूग खाल्ले. आईचं मीठ सगळ्यांच्या पोटात गेलं. त्याला कुणी दोरा बांधला नाही.

ड्रिलच्या मास्तरांना सगळं माहीत होतं. ते आमच्याच शाळेचे. दाखल्यावर माझी जात लिहिलेली त्यांनी बघितली होती, गणपतचीही. तरी इतके दिवस ते शिट्टी फुंकत राहिले. वर्ग संपायला आला तेव्हा त्यांनी मला पिंपळाखाली बोलावलं.

"तुझ्या बाबतीत बाईंचा गैरसमज झालाय," ते म्हणाले. "बोर्डिंगसाठी नाव त्याच सुचवणार. तू त्यांच्यासमोर तुझ्या तोंडानं जात सांग. मी दाखला दाखवतो. उद्यापासून पेला हातात."

"आनि गणपतचा?"

मास्तर तळ्याकडे बघायला लागले. म्हशी पाण्यात बसल्या होत्या. मग म्हणाले, "तुझ्या बाबतीत गैरसमज आहे. त्याचं वेगळं आहे."

वाईट माणूस नव्हता तो. माझ्या भल्याचंच सांगत होता. पण त्याचं ते वाक्य माझ्या छातीत जाऊन बसलं ते अजून तिथेच आहे. गैरसमज एवढाच, की चुकीच्या पोराचा पेला खाली ठेवला गेला. पेला खाली ठेवण्यात काहीच चूक नाही. फक्त पोर बरोबर निवडलं पाहिजे.

मी घरी सांगितलं. तोवर सांगितलं नव्हतं. आई चुलीपुढे होती. तिने ऐकलं आणि हातातला पिठाचा गोळा तसाच परातीत सोडला.

"मी खाली ठेवलं म्हणून?"

"तू मीठ ठेवलंस, आय. तुजं काय चुकलं नाय."

"मी जाऊन सांगू काय बायला? मीठ व्हतं म्हणून..."

"नको."

बा मात्र उसळला. एवढा चिडलेला मी त्याला क्वचितच बघितला. "आपन ते हाव काय? आँ? आपन ते हाव काय? उद्या जा आनि सांग मोठ्यानं. आमी ते नाय म्हणून सांग!" आवाज बांधाच्या त्या टोकापर्यंत गेला असेल. तिथे गणपतचं घर होतं.

"सांगितलं तर माझा पेला वर येईल," मी म्हणालो. "त्याचा खालीच र्‍हाईल."

"त्याची त्याला सवय हाय."

मग बा जरा खालच्या आवाजात म्हणाला, "दूध प्यायलास त्यांचं. खाल्ल्या मिठाला जागावं मानसानं."

"मीठ आपलं हाय, बा. खाल्लं त्यांनी."

बा उठून अंगणात गेला. आई पुन्हा भाकरी थापायला लागली. त्या रात्री मी पडल्या पडल्या विचार करत होतो. मला बोर्डिंग हवं होतं. फार हवं होतं. आईची टाच डोळ्यांसमोरून जात नव्हती. एक शब्द बोलायचा होता. तोही खोटा नाही, खराच. खरं बोलण्याचं बक्षीस मुंबई. पण ते खरं बोललो असतो तर त्याचा अर्थ एवढाच झाला असता की मला उचला, त्याला ठेवा. आणि मग दोन विहिरी काय असतात, ते मला पहिल्यांदा कळलं. त्यांची विहीर उपसायला काढली की आमच्याही विहिरीवर गणपतची आई अशीच खाली घागर ठेवून मागे सरत होती, कुणी ओतेल म्हणून वाट बघत. तिच्या घागरीत तर मीठ नव्हतं.

शेवटच्या दिवशी शाळेपुढे मांडव घातला. मुंबईहून एक मोठे पाहुणे आले. खुर्च्या भरल्या. लेझीम झाली, मनोरे झाले. पळण्यात मी पहिला आलो. दुसरा कुठे आहे ते बघायला मागे वळलो तर तो अजून तळ्याच्या वळणावर होता. टाळ्या पडल्या. बाईंनी भाषण केलं. ही मुलं आली तेव्हा कशी होती आणि आज कशी आहेत, असं काहीबाही. बनियनवर माझं नाव शिवलेलं नव्हतं, पण बोट माझ्याकडे होतं.

प्रत्येक मुलाला भेट म्हणून एक नवा कोरा पेला मिळणार होता. घरी रोज दूध प्यावं म्हणून. दूध कुठून आणायचं ते कुणी सांगितलं नाही. पाहुणे हातात पेला द्यायचे, पाठीवर थाप मारायचे, पोरगं नमस्कार करून खाली उतरायचं.

माझं नाव पुकारलं. मी वर गेलो. पाहुण्यांनी पेला उचलला आणि हात पुढे केला. बाई त्यांच्या कानाशी लागल्या. हात थांबला. मंचाच्या कडेला एक स्टूल ठेवलेलं होतं. ते कशासाठी, हे मला तेव्हा कळलं. पाहुण्यांनी पेला स्टुलावर ठेवला आणि हसले. एवढ्या लोकांसमोर जमिनीवर ठेवणं बरं दिसलं नसतं. आम्हाला बढती मिळाली होती, फरशीवरून स्टुलावर.

"घे बाळ," पाहुणे म्हणाले.

मी वाकलो नाही. हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. किती वेळ, कोण जाणे.

"मीठ खाली ठेवतात," मी म्हणालो. शाळेत मी शुद्ध बोलायचो, पण त्या वेळी तोंडातून घरचंच आलं. "आमी मीठ नाय. मानूस हाय. हातात द्या."

पाहुण्यांना काही कळलं नाही. त्यांनी बाईंकडे बघितलं. ड्रिलचे मास्तर धावत मंचाजवळ आले आणि खालून दबक्या आवाजात म्हणाले, "अरे, जात सांग आणि मोकळा हो! सांग ना!"

"सांगनार नाय."

हे मी मोठ्याने बोललो. खुर्च्यांमधे कुजबुज सुरू झाली. बाईंचा चेहरा लाल झाला होता. त्या पाहुण्यांना म्हणाल्या, "बघितलंत? यांच्यासाठी कितीही करा." आवाजातला गोडवा कुठे गेला होता कुणास ठाऊक. मला उलट बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या माझ्याशी खरं बोलल्या.

मी मंचावरून उतरलो. पेला स्टुलावरच राहिला. पुढचं नाव गणपतचं होतं. पुकारलं. पुन्हा पुकारलं. तो जागचा हलला नाही. मग उठला आणि मंचाकडे न जाता माझ्यामागून मांडवाबाहेर आला.

आम्ही खाजणापर्यंत आलो. ऊन असं होतं की बांधावरचं मीठ डोळ्यांत टोचत होतं. मला वाटलं होतं, गणपत काहीतरी चांगलं बोलेल. तो म्हणाला, "जात का नाय सांगितलीस? सुटला असतास."

"मंग तुजा पेला?"

तो थांबला. "माज्यावर उपकार नको करूस."

"तुज्यासाठी नाय केलं."

"मंग ठीक." थोडं चालल्यावर तो पुन्हा बोलला. "पयले दिवस मला हातात दिलंन ना पेला, ते त्यांना ठावं नवतं म्हणून. ते खरं नाय. ठावं असून देतील, ते खरं."

आम्ही दोघं एकाच वयाचे. पण तो त्या दिवशी माझ्यापेक्षा फार मोठा वाटला. बांधाच्या मधोमध आलो. तहान लागली होती. तो त्याच्या विहिरीकडे वळला. मी त्याच्यामागे गेलो आणि त्याच्या विहिरीचं पाणी त्याच्या हातून प्यायलो. आमच्या वाडीने ते बघितलं. त्याचं काय झालं, ती दुसरी कटकट आहे. आपल्या माणसांनी दिलेली शिक्षा सांगताना जीभ जास्त जड होते.

बोर्डिंगची जागा तळ्याच्या वळणावर राहिलेल्या त्या मुलाला मिळाली. त्याचा माझ्या मनात राग नाही. बा म्हणाला, "घालवलंस. आता धर टोपली." मी धरली. पाऊस चार दिवसांवर आला होता आणि रास अजून उघडी होती. संध्याकाळी आईने विचारलं, "त्यांच्याकडं मीठ उरलं आसंल ना आपलं?"

"आसंल."

"खाऊ देत. आळनी कुनी जेवू नये."

मीही पुढे मॅट्रिक झालो, त्याच शाळेतून, तोच बांध तुडवत, दोन वर्षं उशिरा. माझी टाच फुटली ती फुटलीच. मुंबईत राहिलो असतो तर काय झालो असतो, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. थकलेल्या माणसाला असे विचार येतातच. मला त्या दिवसाचा अभिमान वाटतो असंही नाही. बोर्डिंग गेल्याचं दुःख आजही होतं, आणि कुणी त्याला त्याग वगैरे म्हणालं की माझं डोकं फिरतं. त्याग कसला? माझं होतं ते माझ्याकडून घेतलं गेलं.

लोक अजून विचारतात. आता सरळ नाही विचारत, शिकले आहेत. "आडनाव काय म्हणालात?" "मूळचे कुठले?" "नाही, म्हणजे तसे कुठले?" घरी पाणी द्यायच्या आधी विचारतात. भाड्याची खोली दाखवायच्या आधी विचारतात. मुलाचं स्थळ बघताना तर विचारतातच. मी त्यांच्या हातांकडे बघतो. उत्तर ऐकून हात कुठे ठेवायचा, ते ठरवायचं असतं त्यांना.

तुम्हीही हे वाचता वाचता मनात शोधत आला असाल, ह्याची विहीर नक्की कुठली आणि कितव्या पायरीवरची. शोधू नका. माझ्या मुलांनाही मी बजावलं आहे, कुणी विचारलं तर गप्प राहा आणि हात पुढे करा. समोरचा काय करतो ते बघा.

जात मी सांगणार नाही. तुमच्या हातात पेला आहे. आधी तो आमच्या हातात द्या. दोघांच्याही.